पावसात गळणारी जुनी मॅटाडोर कॅम्पर: पाणी कुठून येतं ते कसं शोधायचं

जुन्या मॅटाडोर व्हॅनची घरच्या घरी कॅम्पर, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, करणाऱ्यांचं काम बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतं. इंजिन सुरळीत चालतं, गादी बसते, दिवे लागतात आणि पहिल्या मोठ्या पावसात गाडी आतून ओली होते. मग दिसेल त्या फटीत सिलिकॉन भरलं जातं. आठवडाभर बरं वाटतं आणि पुढच्या सरीला पुन्हा तेच. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, त्यामुळे इथे कच्चं काम फार दिवस लपत नाही.

मॅटाडोर भारतात 1969पासून बनू लागली, पुण्याच्या बजाज टेम्पोत. तीच कंपनी 2005पासून फोर्स मोटर्स. आज आपल्या हातात येणारी गाडी म्हणजे पंचवीस-तीस वर्षांचा किंवा त्याहून जुना पत्रा. हे पत्रे एकमेकांना ठिपक्याठिपक्याने वेल्ड केलेले असतात आणि सांध्यांत सीलर भरलेला असतो. तो सीलर एव्हाना वाळून खडखडीत झालेला असतो. म्हणजे गाडी गळणं हे नवल नाही. गळतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे, म्हणून लोक फसतात.

लक्षणं

तुमच्या गाडीत यातलं काय काय आहे ते आधी कागदावर लिहा. पुढे कुठली तपासणी आधी करायची ते यावरूनच ठरतं.

- दोन दिवस बंद असलेल्या गाडीचं दार उघडलं की कुबट वास येतो.
- फरशीच्या प्लायचा कोपरा फुगलाय किंवा विनाइलवर पाय दिला की खालून पाणी चुबचुबतं.
- छताच्या अस्तरावर चहाच्या रंगाचा डाग आहे आणि त्याची कडा मधल्या भागापेक्षा गडद आहे.
- गटरच्या (छताच्या कडेच्या पन्हाळीच्या) खाली किंवा पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत रंगाला फोड आलेत; नखाने दाबलं की तपकिरी पाणी येतं.
- पाऊस थांबून बराच वेळ झाला तरी वळणावर दारातून पाणी खळखळल्याचा आवाज येतो.
- गाडी उभी असताना कोरडी राहते, पण घोडबंदर रोडवरून भर पावसात चालवून आणली की ओली होते.
- सकाळी काचा आणि पत्रा आतून घामेजलेले असतात, रात्री पाऊस नसला तरी.

ते पाणी पावसाचंच आहे का?

याला एक पैसा लागत नाही, तरी बहुतेक जण हीच पायरी गाळतात. कॅम्परमध्ये पाणी येण्याचे आणखी तीन रस्ते असतात: आपलीच पाण्याची टाकी आणि तिचे पाइप, इंजिनचं कूलंट, आणि माणसांच्या श्वासाची वाफ.

टाकीसाठी: टाकी पूर्ण रिकामी करून दोन-तीन दिवस तशीच ठेवा. पाऊस पडूनही आत कोरडं राहिलं तर दोष सिंकच्या पाइपात किंवा पंपाच्या क्लिपमध्ये आहे, छताला हात लावायची गरज नाही. कूलंट बोटांना किंचित बुळबुळीत लागतं, रंगीत असतं आणि त्याला गोडसर वास असतो. तो वास आला तर रेडिएटरचे होज बघा. कूलंट चाखून बघू नका, ते विषारी असतं.

वाफेची तपासणी अशी: आतल्या उघड्या पत्र्यावर वीतभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी थेंब प्लास्टिकच्या तुमच्या बाजूला असतील तर ते हवेतल्या दमटपणाचं पाणी आहे. थेंब प्लास्टिक आणि पत्र्याच्या मध्ये असतील तर ओल पत्र्याकडून येते आहे. ऐरोली, वाशी, बेलापूर अशा खाडीलगतच्या भागात ऑगस्टमध्ये दोन माणसं गाडीत झोपली तरी पहाटे काचांवरून ओघळ येतात. त्यावर उपाय झरोका आणि पंखा. सीलंटचा तिथे काही उपयोग नाही.

पाणी बाहेर जायच्या वाटा

आता छत्रीची जुनी काडी घ्या आणि गाडीखाली वाका. प्रत्येक दाराच्या तळाला लांबट भोकं असतात. दाराच्या काचेवरून थोडं पाणी दाराच्या पोटात जाणारच, ते या भोकांतून बाहेर पडावं अशीच रचना आहे. सरकत्या काचांच्या खालच्या पट्टीलाही बाहेरच्या बाजूने अशीच भोकं असतात आणि पुढच्या काचेखालच्या जाळीमागे पाणी काढून देणारी वाट असते. सोसायटीच्या आवारात बदाम, गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्षाखाली गाडी उभी राहत असेल तर ही भोकं हमखास बुजलेली सापडतील. गुलमोहराची बारीक पानं तर मातीत मिसळून लगदाच करतात.

भोक बुजलं की दार टाकीसारखं भरतं आणि पाणी आतल्या पत्र्याच्या फटीतून फरशीवर उतरतं. काडी घातल्यावर आधी काळा गाळ आणि मग धार लागली, तर तुमची निम्मी गळती तिथेच संपली. माझ्याकडे आलेल्या गाड्यांत हा दोष सर्वांत जास्त वेळा निघाला आहे, आणि दुर्दैवाने पुष्कळदा ही भोकं कुणीतरी ‘गळती बंद करायला’ सीलंटने बुजवलेली होती.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर ज्या कप्प्यात ठेवता त्याच्या तळालाही भोकं असतात, किंवा असायला हवीत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो आणि त्या भोकांतूनच बाहेर जातो. खालून पाणी उडतं म्हणून ती भोकं बुजवू नका. फार तर खाली पाणी अडवणारी पट्टी लावा, पण भोक उघडं राहिलंच पाहिजे.

दारांची रबरं

वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. अडून यायला हवी. सहज निसटली तर तिथे रबर दाबलं जात नाही. दाराच्या कडेने दर वीतभर अंतरावर हे करा, वेळ लागतो पण जागा नेमकी कळते.

रबर नवं आणायच्या आधी दार बसलंय का ते बघा. मॅटाडोरची दारं जड आहेत, बिजागरीची पिन झिजली की दार मागच्या टोकाला खाली बसतं आणि वरच्या कोपऱ्यात फट पडते. दार अर्धं उघडून वर उचलून बघा. खेळ जाणवला तर आधी पिन आणि बुश बदला, मग लॉकचा खटका किंचित आत सरकवा. नवं रबर लागणारच असेल तर जुन्याचा बोटभर तुकडा कापून सोबत न्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला औद्योगिक रबरवाल्यांकडे तुकड्याचा आडवा छेद दाखवला की जुळणारी पट्टी मिळायची शक्यता बरी असते. ‘मॅटाडोरचं रबर द्या’ म्हणून काही उपयोग नाही.

पाणी सोडून बघणं

इथपर्यंतचं सगळं करूनही गळत असेल तर आता नीट चाचणी घ्यायची. हा सगळ्या कामाचा गाभा आहे, त्यामुळे घाई करू नका.

आधी आतलं अस्तर आणि फरशीची प्लाय काढा. नुसती उचलून आत डोकावणं पुरत नाही, पत्रा उघडा दिसला पाहिजे. सगळं कोरडं पुसा आणि फरशीवर वर्तमानपत्रं पसरा, कारण कागदावर पहिला थेंब लगेच दिसतो. बॅटरीची ऋण वायर काढून ठेवा. एक माणूस आत टॉर्च घेऊन बसेल, एक बाहेर पाणी सोडेल.

पाणी नेहमी खालून वर न्यायचं. आधी फक्त चाकांच्या कमानी आणि दाराचा खालचा भाग. दहा मिनिटं थांबा. मग दाराची मधली उंची, मग काचा, मग गटर, सर्वांत शेवटी छत. छतापासून सुरुवात केली तर पाणी सगळ्या गाडीवरून ओघळतं आणि कुठलीच जागा वेगळी काढता येत नाही. पाइपचा जोर साध्या नळाइतकाच ठेवा. सर्व्हिस स्टेशनचं जोरदार फवारणीचं मशीन वापरू नका. ते चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतं आणि नसलेली गळती दाखवतं. सोसायटीत पाइपने गाडी धुवायला मनाई असेल तर झाडांना पाणी घालायची झारी आणि दोन बादल्या पुरतात. झारीने उलट एकेक जागा जास्त नेमकी तपासता येते.

आत दिसलेला थेंब ही गळतीची जागा असेलच असं नाही. वर्तकनगरच्या एका गाडीत पाणी मागच्या सिंकखाली साचायचं. मालकाने मागच्या खिडकीचं रबर दोनदा बदललं होतं. अस्तर काढलं तर छताच्या आडव्या पट्टीवर गंजाची एक बारीक रेघ दिसली, पेन्सिलने ओढावी इतकी सरळ. ती रेघ पुढे पुढे जात ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पंख्याच्या झाकणाशी पोचत होती. झाकणाच्या एका स्क्रूखालून पाणी शिरायचं, पट्टीच्या खोबणीतून मागे वाहायचं आणि खांबातून सिंकखाली उतरायचं. पार्किंगला मागे उतार होता म्हणून ते मागे जायचं. पुढे उतार असता तर ते काचेवर दिसलं असतं आणि काचवाल्याला बोलावलं गेलं असतं. म्हणून डाग दिसला की त्याच्यापासून वरच्या बाजूला आणि चढाकडे मागोवा घ्या. गंजाची रेघ, धुळीतला ओघळ, सुकलेल्या क्षाराची पांढरी कडा, यांतून पाण्याचा रस्ता वाचता येतो.

संशय दोन जागांवर असेल तर एकीवर मास्किंग टेप लावून दुसरीवर पाणी सोडा. थेंब तरीही आला तर उघडी जागा गळते आहे.

छतावर आपणच पाडलेली भोकं

मूळ छतापेक्षा आपण नंतर पाडलेल्या भोकांतून जास्त पाणी येतं: पंख्याचं झाकण, सोलर पॅनेलचे ब्रॅकेट, कॅरिअरचे बोल्ट, वायर आत घेतलेली जागा. प्रत्येक स्क्रू काढून बघा. गंजून तांबूस झालेला स्क्रू म्हणजे पाणी त्याच्यापर्यंत पोचतंय.

दुरुस्ती करताना कडेने सीलंट फिरवणं पुरत नाही. झाकण पूर्ण काढा, जुना माल खरवडा, भोकाच्या कापलेल्या कडेला प्रायमर लावा आणि झाकणाखाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घाला. ही टेप कधी कडक होत नाही, पत्रा उन्हात फुगला-आकसला तरी सोबत हलते. ठाण्याच्या मे महिन्यात छत हात लावता येणार नाही इतकं तापतं आणि जूनच्या पहिल्या सरीला एकदम थंड होतं. कडक झालेला कुठलाही माल तिथेच तडकतो. स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. कडेने बाहेर आलेली टेप मग प्लास्टिकच्या पट्टीने कापा.

आणि सिलिकॉन वापरू नका, हे माझं ठाम मत आहे. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवतं. त्यावर रंग धरत नाही, आणि पुढे दुसरा कुठलाही सीलंट तिथे चिकटत नाही. पत्र्याच्या सांध्याला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट घ्या. काही शे रुपयांत ट्यूब मिळते. एम-सील पाण्याच्या टाकीला उत्तम, पण चालत्या गाडीचा पत्रा सतत थोडा लवतो आणि कडक इपॉक्सीला चीर जाते.

गटरचा सांधा

छत आणि बाजूचा पत्रा जिथे जुळतात त्या पन्हाळीच्या तळाशी मूळ सीलर असतो. नखाने उचकटून बघा. पापुद्रे निघत असतील तर थोड्या भागाला ठिगळ न लावता पूर्ण लांबी करा, कारण उरलेला सीलरही तितकाच जुना आहे.

सीलर स्क्रेपरने काढा. ग्राइंडर मारला तर आधीच गंजाने पातळ झालेला पत्रा आणखी पातळ होतो. तारेचा ब्रश पुरे. सुटा गंज निघाल्यावर रस्ट कन्व्हर्टर लावा, तो उरलेल्या गंजाशी मिसळून काळा पडतो. मग इपॉक्सी प्रायमर, मग पीयू सीलंट बोटाने किंवा ब्रशने सांध्यात दाबून, आणि वर रंग, कारण उन्हात उघडा राहिलेला पीयू हळूहळू भुरभुरीत होतो. पीयू हवेतल्या दमटपणानेच घट्ट होतो, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर खोलीपर्यंत. त्यामुळे दमट हवेत काम करायला हरकत नाही, पण पत्रा मात्र पूर्ण कोरडा हवा. मुंबई-ठाण्यात मान्सून सरासरी 11 जूनच्या सुमाराला येतो, म्हणून हे काम मेच्या मध्यापर्यंत उरकावं. पावसाळ्यात करायचंच झालं तर छप्पर असलेली जागा आणि हीट गन लागते.

पुढची काच

रबराची ओठासारखी कड जुन्या प्लास्टिक कार्डाने उचलून बघा. आत काळंभोर आणि स्वच्छ असेल तर रबराखाली पातळ न सुकणारा ग्लेझिंग सीलंट भरून काम भागतं. तांबड्या खपल्या निघाल्या तर काच काढल्याशिवाय इलाज नाही, आणि ते काम काचवाल्याचंच.

तो काय करतो ते पाहिलं की कारण कळतं. नवं रबर आधी काचेवर चढवतो, रबराच्या खोबणीत गोल फिरवून एक दोरी बसवतो, काच चौकटीला टेकवतो. मग आतला माणूस दोरी ओढत जातो आणि बाहेरचा हाताच्या तळव्याने काच ठोकत जातो. दोरी निघते तसा रबराचा ओठ चौकटीवर उलटत बसतो. दोघांचा ताल चुकला तर काच कोपऱ्यातून तडकते, आणि या गाडीची काच शोधणं हे एक वेगळंच काम होऊन बसतं. काच निघाली की लगेच नवी बसवू नका. चौकटीचा गंज काढून, प्रायमर-रंग होऊन मगच.

फक्त चालताना ओली होणारी गाडी

हे पाणी वरून येत नाही, चाकं उडवतात. चाकांच्या कमानीचे सांधे, सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट, वायरी आणि पाइप जिथून आत येतात तिथली रबरी बुचं, हे खालून धुऊन बघा. आत कुणाला तरी टॉर्च लावायला सांगा आणि संध्याकाळी खालून पाहा; उजेड जिथून दिसतो तिथून पाणी येतं. हरवलेली बुचं चिल्लरमध्ये मिळतात.

खालून सरसकट काळं कोटिंग मारून घ्यायचा सल्ला पुष्कळ जण देतात. गंज न काढता मारलं तर ओल आत अडकते, आणि पुढच्या वेळी गंज दिसतही नाही.

इथे थांबा

बोथट स्क्रूड्रायव्हर घेऊन फरशीच्या कडा, दाराखालच्या पेट्या (पत्र्याचे पोकळ भाग), आणि सस्पेन्शन व सीट बेल्ट जिथे बसतात ते भाग दाबून बघा. ठक्क आवाज आला तर ठीक. पापुद्रा दबला किंवा टोक आत गेलं तर सीलंट, फायबर, लांबी (पुट्टी) यांपैकी काहीही भरू नका. ती गाडी तोलणारी जागा आहे. सीओटू वेल्डिंग करणारा चांगला पत्राकाम करणारा बघा. वागळे इस्टेटच्या बाजूला अशी वर्कशॉप आहेत. कुजलेला भाग कापून नवा पत्रा घालायला सांगा, वरून ठिगळ नको.

वेल्डिंगला गाडी देण्याआधी गॅस सिलिंडर, गाद्या, प्लाय आणि त्या बाजूचं थर्माकोल किंवा फोम स्वतः काढून ठेवा, दोन्ही बॅटऱ्या (इंजिनची आणि आतल्या दिव्यांची) सोडवा, आणि डिझेल टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवूनच घ्या. पत्र्यामागचा फोम धुमसत राहतो आणि आग उशिरा दिसते.

आणखी काही ठिकाणी स्वतः पुढे जाऊ नका. इन्व्हर्टरच्या 230 व्होल्टच्या जोडण्यांपर्यंत पाणी पोचलं असेल तर सप्लाय बंद करून इलेक्ट्रिशियन. डिझेलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर गाडी सुरू न करता मेकॅनिक. ब्रेकच्या पेडलभोवतीचा पत्रा हलत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. छताला नवा झरोका किंवा बाजूला नवी खिडकी कापायची असेल तर आधी आरटीओत विचारा; मोटार वाहन कायद्याच्या कलम 52खाली गाडीतल्या फेरफाराला मंजुरीचा नियम आहे आणि जुन्या गाडीच्या पासिंगला तो मुद्दा निघतो.

बंद करण्याआधी

अस्तरामागची ओली ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) वाळवून परत घालू नका, फेकून द्या. ती पत्र्याला ओल चिकटवून ठेवते. काळी बुरशी धरलेली प्लायही गेली. बुरशी खरवडताना मास्क लावा, दमा असलेल्या माणसाला त्या कामाला लावू नका. पत्रा टेबल फॅन लावून निदान दोन-तीन दिवस वाळवा, पेट्यांच्या पोटात हवा जाईल असा.

मग तीच पाण्याची चाचणी खालून वर पुन्हा घ्या. ती कोरडी गेली तरी अस्तर लगेच बसवू नका. फरशीवर वर्तमानपत्रं पसरून गाडी उघड्यावर राहू द्या, एकदा उताराला पुढे तोंड करून आणि एकदा मागे. दोन्ही बाजूंनी एकेक दणदणीत पाऊस झाला आणि कागद कोरडे राहिले की अस्तराचे स्क्रू मारा.